‘समुद्री गांडूळ’ म्हणावे की ‘बहुरोमी’?

समुद्रतळावरील जीवांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘पॉलीकीट’साठी (अंगावर पुष्कळ ताठ केस असणाऱ्या, बहुतेक समुद्रात राहणाऱ्या लांबट प्राण्यांच्या गटासाठी) ‘समुद्री कृमी’ लिहावे की ‘समुद्री गांडूळ’, असा प्रश्न आला आहे.

‘कृमी’ मी टाळेन, कारण तो वाचताच मराठी माणसाला पोटातले जंत आठवतात आणि हे प्राणी तर बहुतेक स्वतंत्रपणे जगणारे आहेत. ‘गांडूळ’ मात्र सहज बाजूला सारण्याजोगा शब्द नाही. अमरकोशात गांडुळाला ‘गण्डूपद’ म्हटले आहे, तेही वारिवर्गात आणि जळवेच्या जवळच. आजचे प्राणिशास्त्रही या दोघांना वलयी संघातच, म्हणजे वलयांचे शरीर असलेल्या प्राण्यांतच, ठेवते, याचे मला फार अप्रूप वाटते.

युरोपच्या वालुकामय किनाऱ्यांवरचा ॲरेनिकोला मरीना हा पॉलीकीट खरोखरच गांडुळासारखा जगतो. वाळूतल्या बिळात राहून तो वाळू गिळतो, तिच्यातले सेंद्रिय कण आणि सूक्ष्मजीव पचवतो व उरलेली वाळू बाहेर टाकतो. ओहोटीला तिची वेटोळी किनाऱ्यावर दिसतात. त्याच्यापुरते ‘वाळूतले गांडूळ’ म्हणायला माझी हरकत नाही.

पण त्याचे भाऊबंद निराळे. नेरीस घसा उलटा बाहेर काढून जबड्यांनी भक्ष्य धरतो, तर नळीत राहणारा साबेला पिसाऱ्यासारख्या स्पर्शकांनी पाण्यातले कण गाळून घेतो. 2004 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या ओसेडॅक्सच्या मादीला तर तोंड आणि आतडेही नसते; समुद्रतळाशी पडलेल्या देवमाशाच्या हाडांत ती मुळांसारखा अवयव रुतवते आणि त्या अवयवातल्या जीवाणूंच्या साहाय्याने पोषण मिळवते. तिथे ‘हाडे खाते’ असे लिहिणेसुद्धा अचूक नाही, ‘हाडांवर पोसली जाते’ हेच बरोबर.

म्हणून साऱ्या गटासाठी मी ‘बहुरोमी’ सुचवतो. मूळ ग्रीक घटकांचा अर्थ ‘पुष्कळ’ आणि ‘केस’ असाच आहे, शिवाय शालेय पुस्तकांमुळे ‘दृढरोम’ (अंगावरचे ताठ केस) आणि ‘परापाद’ (अंगाच्या बाजूंचे पायांसारखे अवयव) हे शब्द परिचित आहेत. दृढरोम गांडुळालाही असतात, पण मोजकेच, आणि परापाद त्याला नसतात. ‘गण्डूपद’ या नावात ‘पद’ असूनही त्याला पाय नाहीत. मोजक्या दृढरोमांमुळे गांडुळाच्या गटाला ‘अल्परोमी’ म्हटले की दोन्ही शब्द एकमेकांचा अर्थ उजळतात. अनुवादात पहिल्या उल्लेखाला ‘बहुरोमी वलयी, म्हणजेच पॉलीकीट’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘बहुरोमी’ वापरावे.