बॅनरवरचं एनबीए तुमच्या मुलीच्या शाखेचं आहे का?

प्रश्न : आम्ही बार्शीचे. मुलीला एमएचटी-सीईटीत बरे पर्सेंटाइल आहेत. पुण्याच्या दोन कॉलेजांवर गाडी अडली आहे. पहिल्याच्या गेटवर ‘एआयसीटीई मान्यताप्राप्त, नॅक ए+, एनबीए मानांकित’ असा बॅनर आहे. तिथे तिला एआय-डेटा सायन्सला प्रवेश मिळेल, ही शाखा तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. दुसरं कॉलेज स्वायत्त आहे, नॅक बी++, पण तिथल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला एनबीए आहे म्हणतात. तिचे काका म्हणतात, ए+ सोडू नका. हे शिक्के देतं कोण, आणि कशाला किती किंमत द्यायची? पुढे परदेशात जायचं तिच्या मनात आहे.
– एक आई

उत्तर : ताई, बॅनरचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. एकाच ओळीत तीन नावं वाचली की तीन परीक्षा पास झालेलं कॉलेज डोळ्यांसमोर उभं राहतं. प्रत्यक्षात ती तीन निरनिराळ्या कामांची नावं आहेत.

एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्रीय परिषद. तिची मान्यता म्हणजे कॉलेज चालवण्याची परवानगी. इमारत, प्रयोगशाळा, शिक्षक बघून कोणत्या शाखेत किती जागा भरायच्या ते तिथे ठरतं, आणि ही परवानगी ठरावीक मुदतीने वाढवून घ्यावी लागते. पदवी देतं विद्यापीठ, म्हणून त्याची संलग्नताही लागते. या दोन गोष्टी नसतील तर त्या कॉलेजची पायरी चढायची नाही. पण त्या आहेत म्हणून कॉलेज चांगलं, असंही होत नाही.

नॅक ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्वायत्त मूल्यांकन संस्था, 1994 पासूनची, बंगळुरूची. ती अख्ख्या कॉलेजकडे बघते. तुम्ही लिहिलेल्या श्रेणी चारपैकी गुणांवर ठरलेल्या आहेत: 3.26 ते 3.50 ला ए+, 2.76 ते 3.00 ला बी++. त्या गुणांत ग्रंथालय आलं, प्रशासन आलं, संशोधन आलं, सगळ्या विभागांचं मिळून आलं. तुमची मुलगी ज्या वर्गात चार वर्षं बसणार, त्याबद्दल वेगळं असं ते काही सांगत नाही. काकांचं म्हणणं इथे अपुरं पडतं.

आता एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळ. तीही 1994 चीच, एआयसीटीईने स्थापन केलेली आणि 2010 मध्ये स्वायत्त झालेली. ती कॉलेजला मानांकन देतच नाही, अभ्यासक्रमाला देते. एकाच इमारतीत मेकॅनिकलला असेल आणि शेजारच्या सिव्हिलला नसेल. शिवाय एका अभ्यासक्रमाच्या किमान दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडल्याशिवाय त्यासाठी अर्जच करता येत नाही. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एआय-डेटा सायन्सची पहिली तुकडीही अजून बाहेर पडलेली नाही. म्हणजे बॅनरवरचं एनबीए दुसऱ्या कुठल्यातरी शाखेचं आहे. नव्या शाखेला मानांकन नसणं हा दोष नाही, पण शेजारच्या शाखेचं मानांकन तिच्या नावावर खपवणं मला गंभीर वाटतं. पालक त्यावर विसंबून लाखो रुपये भरतात.

एनबीए मिळतं कसं, तेही सांगते, म्हणजे त्याचं वजन कळेल. विभाग आधी स्वतःचा सविस्तर अहवाल लिहितो: शेवटच्या तुकड्यांतली किती मुलं वेळेत पास झाली, नोकरीला वा पुढच्या शिक्षणाला किती गेली, शिक्षक किती आणि काय शिकलेले. मग बाहेरचे तज्ज्ञ येतात, प्रयोगशाळांत फिरतात, मुलांशी, माजी विद्यार्थ्यांशी, पालकांशी बोलतात. खरा भर असतो तो मुलांना काय जमलं यावर. दुसऱ्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीची इंटर्नलची प्रश्नपत्रिका मागून बघा. प्रत्येक प्रश्नापुढे ‘सीओ-1’, ‘सीओ-3’ असं छापलेलं दिसेल. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, तो विषय शिकून मुलांना काय जमायला हवं ते. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात सीओ-3 म्हणजे, समजा, ‘दिलेल्या कामासाठी योग्य डेटा स्ट्रक्चर निवडता येणं’. त्या प्रश्नात वर्ग कमी पडला, तर पुढच्या वर्षी शिकवण्यात काय बदललं ते विभागाने दाखवायचं असतं. काही ठिकाणी हे फक्त फायलींपुरतं चालतं आणि कमिटी येण्याच्या आठवड्यात सह्यांची धावपळ उडते, हे मला माहीत आहे. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सरळ विचारा: तुम्ही फीडबॅक दिल्यावर काही बदललं का? त्यांच्या उत्तरावरून बरंच कळतं.

परदेशाचं म्हणाल तर भारत जून 2014 मध्ये वॉशिंग्टन करारात कायम सदस्य झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या मानांकित इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या, असा हा करार. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे 1989 पासूनचे सदस्य. पण या कराराचा लाभ टिअर-1 मानांकनालाच आहे. ते विद्यापीठांना आणि स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणाऱ्या, कॉलेजांना मिळू शकतं, स्वायत्त नसलेल्या संलग्न कॉलेजांचं टिअर-2 त्यात बसत नाही. तिकडे इंजिनिअर म्हणून नोंदणी करायची झाली तर हे उपयोगी पडतं. तिकडच्या एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाचे निकष मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत असली नोंदणी सहसा कोणी मागत नाही. तेव्हा केवळ यासाठी जीव टांगणीला लावू नका.

माझा कौल दुसऱ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरला. एआयची आवड असेल तर इलेक्टिव्ह आणि ऑनर्सचे विषय आहेतच, पाया तिथे पक्का होईल. पण मानांकन आहे ‘म्हणतात’ एवढ्यावर थांबू नका. एनबीएच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकून त्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग दिसतं का, टिअर कोणता आणि मुदत कधीपर्यंत, ते बघा. मानांकन तीन किंवा सहा वर्षांचं असतं आणि मुलगी बाहेर पडेल चार वर्षांनी, म्हणून नूतनीकरणाचं काय, हेही विचारा. पहिल्या कॉलेजलाही एक संधी द्या. एआय-डेटा सायन्सला पूर्णवेळ शिक्षक किती, हे लेखी मागा. एआयसीटीईचा निकष वीस मुलांमागे एक असा आहे. मुलीला सोबत घेऊन जा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, कन्फर्म करण्याआधी दोन्हीकडची उत्तरं हातात आली नाहीत, तर जे कॉलेज टाळाटाळ करेल ते यादीत खाली घाला.