चार शनिवार झाले, अजून खरवडतोच आहे!

प्रश्न : मी मोटर वाइंडिंगच्या कामातून निवृत्त झालो आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या ट्राम व रेल्वेडब्यांच्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. चार शनिवार झाले, हातात फक्त रंग काढायची खरवडणी. मोटरला कोणी हात लावू देत नाही. शिवाय जुना कंट्रोलर (मोटरमन ज्याने वेग कमी-जास्त करतो तो) दुरुस्त करत बसण्यापेक्षा आत नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली तर काय बिघडलं? – एक वाचक

उत्तर : तुमची चिडचिड कळते. मीसुद्धा पहिल्या वर्षी अशीच घायकुतीला आले होते. खिडक्यांवरची पट्टी एका दुपारी तासून थेट लाकूड गाठलं. संध्याकाळी आमचे सुतारकाका आले, पट्टीकडे बघून एवढंच म्हणाले, "आकडे कुठे गेले?" त्या रंगांच्या थरांत डब्याचा जुना क्रमांक होता. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता.

तेव्हापासून मी आधी नखाएवढी जागा धरते आणि ओल्या बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासत उथळ वाटी पाडते. थर एकाभोवती एक वलयांसारखे उघडतात : करडा, हिरवा, पिवळट, तळाशी प्रायमर. घासायचं ते ओलंच, आणि मास्क लावून. जुन्या रंगात शिसं असतं.

दुसरं म्हणजे, लाकडी डबा कुजतो तो छपरापासून. वरच्या कॅनव्हासला चीर गेली की पाणी कोपऱ्याच्या खांबातून उतरतं आणि खालच्या तुळईत मुरतं. बाहेरून रंग ठणठणीत दिसतो. खरवडणीचं टोक भसकन आत गेलं की समजायचं. आतापर्यंत असं कुठे झालं असेल, तर तिथे खडूने खूण केलीत ना?

कंट्रोलरबाबत मात्र माझं मत ठाम आहे : जुनाच ठेवा. हँडलखालच्या त्या उभ्या पिंपात तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांवर टेकणारी धातूची 'बोटं' असतात. ६०० व्होल्टच्या गाडीत सुरुवातीला दोन मोटर सीरिजमध्ये, म्हणजे प्रत्येकीला साधारण ३०० व्होल्ट, आणि वेग आला की पॅरलल. असं एखादं बोट जळलं तर ते वर्कशॉपमध्ये नवं घडवता येतं. जळालेल्या सर्किट बोर्डाचं तसं नाही. आणि हँडलची खाच बदलताना मोटरमनच्या तळहाताला बसणारा तो ठोका नव्या यंत्रणेत कुठून आणणार? फक्त आतले ठिणगीरोधक पडदे खरवडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता तुमच्या मोटरकडे येते. ओल धरलेल्या वाइंडिंगला आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा, हे मी तुम्हाला काय सांगणार! पण कारखान्यातली मोटर पायावर बसते, इथली एका बाजूने थेट चाकांच्या आसावर टेकलेली असते. अमेरिकन अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये तिकडच्या रिचमंड शहराच्या ट्रामना ती तशी टांगली, आणि पुढे तीच रीत पडली. आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, बेअरिंग बहुधा साध्या घडणीची, तेलात भिजवलेल्या लोकरीवर जगणारी. लोकर सुकली की बेअरिंग झिजतं, आर्मेचर खाली बसतं आणि भोवतीच्या स्थिर चुंबकाच्या पोलला घासून स्वतःचंच वाइंडिंग सोलून काढतं. तेव्हा पुढच्या शनिवारी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात टाकून जा आणि विचारा, "खालच्या पोलपाशी गॅप कुणी मोजलीय का?" नसेल मोजली, तर तुम्हाला डब्याखाली जायला सांगतीलच.