राहणाऱ्याला धर

प्रिय लेकरा,

सलाम.

तुझं चार पानी पत्र मिळालं. मणिपुरातल्या चुराचांदपूरच्या निर्वासित छावणीत चर्चच्या तुकडीबरोबर सहा दिवस राहून आलीस, त्याला पंधरा दिवस झाले तरी कामात मन लागत नाही, ती सात वर्षांची मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही, नोकरी सोडून परत जाऊ का, असं विचारतेस. आणि शेवटच्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात, "मावशी, आपण तिथं गेलो ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी?"

बारीक अक्षरातल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दोन्हींसाठी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि त्या प्रश्नावर रात्री जागवू नकोस. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. तुझ्या चार पानांपैकी तीन पानं त्या मुलीवर आहेत. ती मांडीवर कशी झोपली, बिस्किटं फ्रॉकच्या खिशात कशी कोंबत होती, निघताना गाडीमागे कशी धावली. आणि तिला सांभाळणाऱ्या बाईवर किती? एक ओळ. "तिची मावशी आहे, थकलेली असते, फारसं बोलत नाही." त्या एका ओळीसाठी हे सगळं पत्र लिहायला बसले आहे.

त्या बाईचं नाव तू लिहिलेलं नाहीस. विचारलं होतंस का?

राहणाऱ्याला धर, बाळा. जे माणूस तू गेल्यावर तिथं राहणार आहे, त्याला धर. मी तीस वर्षं हेच सांगते आहे आणि लोकांना वाटतं, बाई हट्टी आहे. आहेच. हा हट्ट कुठून आला ते सांगते, म्हणजे तू तरी रागावणार नाहीस.

१९९३ चा ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपले आणि पहाटे चारला चार मिनिटं असताना भूकंपानं किल्लारी, सास्तूरकडची गावंच्या गावं खाली बसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जडशीळ माळवद. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला तीच अंगावर आली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, मिशन दवाखान्यातली नर्स. जखमा बांधायला गेलेली आमची तुकडी महिन्याभरात परतली; मला पत्र्याच्या शेडमधल्या मुलांसाठी थांबवून घेतलं.

त्यात एक पोरगा होता, पाच-सहा वर्षांचा. आईबाप, आजी, धाकटी बहीण, सगळी गेलेली. उरली एक आत्या, तिचाही थोरला गेलेला. पोरगा छपराखाली झोपायला तयार नव्हता. पाऊस असला तरी पोतं पांघरून बाहेर बसायचा. आणि दिलेली भाकरी खायचा नाही, गोधडीखाली लपवायचा. आत्यानं सकाळी गोधडी झटकली की बुरशी आलेले, मुंग्या लागलेले तुकडे पडायचे. ती त्याला बोलायची, एकदा पाठीत धपाटाही घातला. मी मध्ये पडले. त्याला माझ्याकडे ओढून घेतलं.

पंधरा दिवसांत तो जेवायला लागला. फक्त माझ्या हातून. मला केवढा अभिमान वाटला. भेट द्यायला आलेल्या वरिष्ठांना मी त्याला भरवून दाखवलं. आत्या दाराशी उभी राहून बघायची आणि मी तिला म्हणायचे, "बघा, प्रेमानं सांगितलं की ऐकतो." जिनं स्वतःचा मुलगा ढिगाऱ्यातून काढला होता, तिला मी सत्तावीस वर्षांची मुलगी प्रेम शिकवत होते.

जानेवारीत मुदत संपली. इकडे नगरला आईला अर्धांगवायू झालेला. मी निघाले. त्याला म्हणाले, "येते हं परत." गेले ते अडीच वर्षांनी. आत्यानं चहा केला, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी गेल्यावर आठ दिस ह्यो माझ्या हातचं खायना. मला पयल्यापासनं सुरू करावं लागलं." रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता मला सांग, मी आईला सोडून तिथं थांबायला हवं होतं का? आजही मी तोच निर्णय घेईन. कुणी काही म्हणो, त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. पण आपण जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना भाकरी माझ्या हातात ठेवली, हा दोष माझाच. उपाय तेव्हाही सुचला होता. त्याला मी एक झाकणाचा डबा दिला होता. रोज संध्याकाळी त्यात एक भाकरी ठेवायची, डबा उशाशी. रात्री केव्हाही उघड, ही तुझीच. ज्यानं एका रात्रीत सगळं गमावलं त्याला उद्याचा भरवसा तोंडी देऊन कळत नाही, तो डब्यात दिसावा लागतो. लपवणं हळूहळू थांबलं. उपाय बरोबर होता. डबा मात्र रोज मी भरला. आत्याच्या हातून एकदाही भरून घेतला नाही.

हे मी काही नवीन सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघींनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात घर तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं उघडली. बॉम्बपेक्षा आईची ताटातूट मुलांना जास्त मोडते, हे त्यांना तिथं दिसलं. सगळ्या बायांनी सगळ्या मुलांना सांभाळायचं, ही पद्धत मोडून त्यांनी चार-चार मुलांमागे एक ठरलेली बाई दिली. तोवर शांत, शहाणी दिसणारी मुलं आपल्या बाईसाठी भांडू लागली, रडू लागली, हट्ट करू लागली. मुलं बिघडली असं कुणाला वाटलं असतं. ती जिवंत होत होती, कारण आता हट्ट करायला हक्काचं माणूस होतं.

आणि लंडन कशाला, पुण्याजवळचं आपलं केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती, भावाबरोबर उपाशीपोटी शेकडो मैल तुडवले होते. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत केडगाव हेच त्यांचं घर राहिलं. त्या मुलींसाठी काय काय केलं त्याची यादी आपण चर्चमध्ये दरवर्षी ऐकतो. त्या राहिल्या, हे त्या यादीत कुणी म्हणत नाही.

तुला राहता येणार नाही. नोकरी सोडून जाऊ का, याचं माझं उत्तर 'नको' असं आहे. तुला त्यांची भाषा येत नाही, वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आणि सहा महिन्यांनी तू परत येशील तेव्हा ती मुलगी अजून मोठ्यानं रडेल. हे कठोर वाटेल. वाटू दे.

छावणीतल्या बायांना तुम्ही दिलेल्या प्रशिक्षणाची टिपणं पाहिली. मेंदूचं चित्र, भीतीचा कप्पा कुठला, मुलाचं वय आणि जखमेचं वय, सगळं नीट आहे. पण टिपणांच्या शेवटी एका बाईचा प्रश्न लिहिलेला आहे, "रात्री मूल किंचाळत उठलं तर मी काय करू?", आणि त्याखाली उत्तर नाही. वेळ संपला होता का? अगं, तो एक प्रश्न म्हणजे अख्खं प्रशिक्षण होतं. तिला सांगायचं, गदागदा हलवू नका. आधी दिवा. मागून हात लावू नका, समोर बसा, नावानं हाक मारा. आपण कुठं आहोत, शेजारी कोण झोपलंय, सकाळी काय खायचंय ते हळू आवाजात सांगा. पाणी द्या. काय दिसलं ते विचारू नका. हे तीस बायांकडून तीस वेळा करून घ्यायचं, एकीनं मूल व्हायचं, एकीनं आई. मग त्यांनाच विचारायचं की तुमच्याकडे मूल घाबरलं की म्हातारी माणसं काय करतात. त्यांच्या अंगाईगीतांत आपल्या चित्रांपेक्षा जास्त औषध असतं, आणि ती गाणी तिथंच राहतात.

पाचव्या संध्याकाळचं वाचून मात्र मी पत्र बाजूला ठेवलं. मुलांना पुढे उभं करून 'तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा' असं कुणाला सुचलं? आपल्याकडे चर्चमध्ये उभं राहून आपला अनुभव सांगतात, साक्ष देतात, म्हणून? साक्ष मोठं माणूस आपखुशीनं देतं. सात वर्षांच्या मुलीकडून जळतं घर पुन्हा वदवून घेणं ही साक्ष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे, घडलेलं सांगायला कुणावर दबाव आणू नका. त्सुनामीनंतर दोन महिन्यांनी आम्ही नागपट्टिनमजवळच्या मच्छीमार वस्तीत गेलो होतो. मी खडूंची पेटी उघडली, अजून काही बोललेही नव्हते, तर एका मुलानं सराईतपणे मोठी लाट काढून माझ्या हातात दिली. पाहुण्यांना काय हवं असतं ते त्याला पाठ झालं होतं. मी पेटी मिटली आणि त्या वस्तीतल्या नऊ बायांबरोबर पाच दिवस बसले. मुलांकडे गेलेच नाही. परतल्यावर कमिटीनं विचारलं, मुलांचे फोटो कुठे आहेत? मी म्हणाले, नाहीत. त्या वर्षीपासून मला अशा दौऱ्यांवर पाठवणं बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण त्या पाच दिवसांबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. त्या नऊजणींपैकी दोघींशी माझा अजून फोन आहे.

बायबलमधला एलीया संदेष्टा आठवतो ना? जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला होता. देवदूतानं त्याला प्रश्न विचारला नाही, उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, उठवलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, डोंगरावर. आपल्या मंडळींना पहिल्या संध्याकाळीच डोंगरावर पोचायचं असतं. आणि 'ही देवाची योजना होती' हे वाक्य छावणीत कुणी उच्चारू नये. तुमच्यापैकी कुणी उच्चारलं असेल तर त्या बायांना फोन करून परत घ्या.

त्या बायांना कोण जेवू घालतं, कोण झोपू देतं, हे कुणी पाहिलं का? छावणीत राहते म्हणजे त्या मावशीचंही घर गेलेलंच असणार. ३ मे २०२३ ला कुकी आणि मैतेई समाजांत हिंसाचार पेटल्यानंतर मणिपुरात सुमारे ६० हजार माणसं घर सोडून निघाली, त्यातली ती एक. तिची बहीण कुठे आहे, जिची ही मुलगी? तू लिहिलेलं नाहीस. ज्या बाईला रात्री झोप नाही ती मुलाला धीर देऊ शकत नाही, कितीही प्रशिक्षण द्या. दुपारी दोन तास मुलं दुसऱ्या कुणी सांभाळायची आणि या बायांनी नुसतं पडायचं, एवढी व्यवस्था लावली असतीत तर सहा दिवस सार्थकी लागले असते. अजून लावता येईल. तिथल्या चर्चचं महिला मंडळ हे करू शकतं, विचारून बघ.

आणि एक. तिकडे इंफाळ खोऱ्यातल्या छावण्यांमध्ये मैतेई मुलंही तशीच रात्री किंचाळत उठतात. आपलं चर्च तिकडे का गेलं नाही, हे तू तरुण संघात विचारायला हवंस. मी विचारलं तर पुन्हा म्हणतील, बाई हट्टी आहे.

रागावू नकोस. तू त्या मुलीला मांडीवर घेतलंस यात पाप नाही. रडणारं मूल मांडीवर आलं तर घ्यायचंच. फक्त त्या वेळी तिच्या मावशीला शेजारी बसवायचं आणि झोप लागली की मूल तिच्या मांडीवर द्यायचं. मला हे सत्तावीसाव्या वर्षी कुणी सांगितलं नाही. तू नाताळला येते म्हणून मुलीला शब्द दिलास, तो मावशीला विचारून दिला नाहीस. आयझॉलपासून डोंगरातून तो लांबचा रस्ता, रजा, पैसे, बंद. जमणार नसेल तर आत्ताच कळव, आणि मावशीच्या तोंडून मुलीला कळू दे, म्हणजे ती तिच्याच कुशीत रडेल.

किल्लारीला मी नंतर दरवर्षी जात राहिले, आत्याला भेटायला. एका वर्षी तो पोरगा शाळेतून आला, मला ओळखलंच नाही त्यानं. दप्तर टाकून म्हणाला, "आत्ते, पावनी आलीया, च्या ठेव की." मग चुलीपाशी जाऊन तिच्या हातातली अर्धी भाकरी ओढून घेतली. मी बसल्या जागी देवाचे आभार मानले.

शनिवारी संध्याकाळी त्या बाईला फोन कर. दुभाष्याला जोडून घे, ती चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची शिक्षिका आहे ना, तिला. आधी नाव विचार. मग विचार, रात्री झोप लागली का. मुलीचं तिनं आपणहून काढलं तर ऐक. पुढच्या शनिवारीही कर, आणि त्याच्या पुढच्याही.

तुझी,
मावशी

ता. क. त्या बिस्किटांसाठी डबा इथून पाठवू नकोस. मुलीच्या मावशीला पैसे पाठव, तिथल्या बाजारातून तिलाच आणू दे. झाकण घट्ट बसतंय ना, ते बघायला सांग.