पहिल्या व्हिजिटला सगळी जनावरं नेऊ नकोस

अरे, वृद्धाश्रमात वगैरे लोकांना भेटवायला जनावरं न्यायचा तुझा उत्साह समजतो, पण सुरुवातीला एकच शांत शेळी ने, आणि तीही आधी घरच्या घरी व्हीलचेअर, काठी, भांडं पडल्याचा आवाज या सगळ्याची सवय झालेली. सशाबद्दल नवीन लोक हमखास फसतात, मांडीवर गप्प बसलाय म्हणजे खूश आहे असं वाटतं, पण बरेचदा तो भीतीने गोठलेला असतो, डोळे मोठे झालेत आणि अंग ताठ आहे असं दिसलं की लगेच परत पेटीत. आजी कितीही म्हणोत अजून थोडा वेळ राहू दे, जनावर तोंड फिरवून लांब जायला लागलं की व्हिजिट संपली, यात भिडेखातर काही करायचं नाही.

हात साबण-पाण्यानेच धुवायला लाव, नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नकोस, क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंवर तो चालत नाही. कोंबडीची पिल्लं गोड दिसतात पण त्यांच्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, ५ वर्षांखालच्या पोरांच्या हातात तर नकोच. नुकत्याच व्यालेल्या शेळीपासून गरोदर बायकांना लांब ठेव, हे अगदी सिरियसली घे. आणि हो, खराटा बादली सोबत ने, शेळी लेंड्या टाकणारच.