हॅलिक्टस की लॅसिओग्लॉसम? आधी पट्टे बघा

मनगटावर बसलेल्या मधमाशीचा फोटो टाकून तुम्ही विचारलंत, ही हॅलिक्टस की लॅसिओग्लॉसम? (घाम चाटणाऱ्या मधमाश्यांचे हे दोन सारखे दिसणारे गट.) फोटो सुरेख आहे, पण एकच, तोही लांबून. घाम चाटायला मनगटावर बसली म्हणून लगेच नाव ठरत नाही. आधी पोटावरचे पांढरट केसांचे पट्टे बघा. पट्टा पोटाच्या प्रत्येक खंडाच्या (कड्यासारख्या भागाच्या) मागच्या कडेवर असेल तर बहुधा हॅलिक्टस. आधीच्या खंडाखालून डोकावत असेल तर लॅसिओग्लॉसम. जुन्या, केस झिजलेल्या माशीत हे हमखास फसतं (मी कित्येकदा तोंडावर पडलोय). मग पंख बघायचा: लॅसिओग्लॉसमच्या मादीत टोकाकडच्या शिरा पुसट असतात. पोटाच्या टोकावरची उभी चीर दोघींच्याही मादीत असते, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. मिशा लांब आणि अंग सडपातळ दिसलं, तर तो नर.

उत्तर अमेरिकेतली हॅलिक्टस लिगेटस ही जात गालामागच्या दातासारख्या उंचवट्यामुळे पटकन कळते. पण तिची जुळी बहीण, हॅलिक्टस पोई ही वेगळी जात, दिसायला अगदी तशीच, फरक डीएनएत. दोघी जिथे एकत्र आढळतात, तिथल्या फोटोवर मी तरी ‘लिगेटस किंवा पोई’ एवढंच लिहितो. पुढच्या वेळी चेहरा, कूस आणि पंख असे तीन फोटो घ्या.