वाचकांचे प्रश्न : लिंपलेल्या खोल्यांच्या कादंबऱ्या

प्रश्न : आपल्या शिफारशीवरून विल्यम फॉकनर यांची ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ ही कादंबरी वाचनालयातून आणली आणि निम्मी वाचून थांबले. रहस्य शेवटी उलगडावे अशी माझी अपेक्षा असते; इथे मात्र भावाने बहिणीच्या नियोजित वराला घराच्या फाटकाशी गोळी घातली, हे सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. मग पुढची पाने कशासाठी? आणि या प्रकाराला ‘सदर्न गॉथिक’ का म्हणतात?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : आधी नावाविषयी. इथली ‘दक्षिण’ म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा यांसारखी राज्ये, जिथे कापसाचे मळे गुलाम माणसांच्या श्रमावर उभे होते आणि जी १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हरली. ‘गॉथिक’ हा शब्द वास्तुकलेतला. बेळगावच्या कॅम्पातील जुन्या दगडी चर्चच्या टोकदार कमानी आपण पाहिल्या असतील. १७६४ मध्ये इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल यांनी एका गढीतील घराण्याची भयकथा लिहिली आणि पुढे पडकी वास्तू, बंद दालन आणि पूर्वजांचे पाप या सामग्रीला तेच नाव चिकटले. अमेरिकेच्या दक्षिणेत गढ्या नव्हत्या, मळेमालकांच्या उंच खांबांच्या हवेल्या होत्या. युद्धानंतर त्यांचा रंग उडाला, मालकीचा ताठा मात्र उतरला नाही.

आता आपला मुख्य प्रश्न. काय घडले हे या कादंबरीचे रहस्य नाही. का घडले, आणि ते ‘का’ इतकी वर्षे कोणी तोंडातून काढले नाही, हे तिचे रहस्य आहे. त्या भाऊ-बहिणीचा बाप थॉमस सटपेन गरीब घरातला मुलगा असताना निरोप घेऊन एका श्रीमंताच्या दारी जातो, तेव्हा त्याला पुढच्या दाराने यायचे नाही, मागच्या दाराने ये, असे सुनावले जाते. तो अपमान गिळून मोठा झालेला माणूस १८३३ मध्ये मिसिसिपीत उतरतो, मूळ रहिवाशांकडून शंभर चौरस मैल जमीन मिळवतो, गुलामांकडून हवेली बांधून घेतो आणि स्वतःच दुसऱ्यांना दार बंद करणारा होतो. ही कथा त्याची मेहुणी संतापाने सांगते, गावातला एक वडीलधारा माणूस थंडपणे सांगतो, आणि १९१० च्या हिवाळ्यात दोन विद्यार्थी हार्वर्डच्या गारठलेल्या खोलीत तिचे तुकडे जुळवीत बसतात. प्रत्येक जण स्वतःला बोचेल तेवढे वगळतो, म्हणून एकच घटना पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि दर वेळी ती वेगळी दिसते. आपण निम्म्यावर आहात, तेव्हा पुढचे सांगत नाही. बापाने न उच्चारलेल्या एका शब्दाकडे तेवढे लक्ष ठेवा.

वाक्ये लांबलचक आहेत, कंस उघडतात आणि पानभर मिटत नाहीत, हे खरे आहे. मला स्वतःला ती मोठ्याने वाचल्यावर उमगू लागली. घरातली म्हातारी माणसे एखादा जुना तंटा सांगताना जसे मूळ मुद्दा टाळून चार नात्यांची आडवळणे घेतात, तसा तो सूर आहे.

प्रश्न : माझे इंग्रजी बेताचे आहे. या प्रकारातले आधी काय वाचावे?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : फॉकनर यांची १९३० ची ‘अ रोझ फॉर एमिली’ ही छोटी कथा आधी वाचा. ती कोणी एक माणूस सांगत नाही, सारे गाव ‘आम्ही’ म्हणून सांगते. एमिलीबाईंच्या घरातून दुर्गंधी येते, तक्रारी होतात. पण मोठ्या घरच्या बाईला हे तोंडावर कसे सांगायचे, म्हणून चार पुरुष मध्यरात्रीनंतर चोरासारखे जाऊन तळघरात आणि घराभोवती चुना टाकून येतात. आठवड्या-दोन आठवड्यांत वास जातो आणि विषय मिटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण ज्या समाधानाने म्हणतो, त्याची भयानक बाजू या चुन्यात आहे. शेवटी वरच्या मजल्यावरची खोली उघडते तेव्हा धक्का बसतो. पण कथा दुसऱ्यांदा वाचा म्हणजे जाणवेल की, गावाने आपल्याला ठाऊक असलेले स्वतःपासूनच लपवले होते.

नंतर टोनी मॉरिसन यांची १९८७ ची ‘बिलव्हेड’ घ्या, मात्र सवडीने. १८५६ मध्ये केंटकीतून पळून ओहायोत आलेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने पकडले जाताना आपल्या मुलीला मारले; ती पुन्हा गुलामीत जाऊ नये, एवढ्यासाठी. त्या सत्य घटनेतून ही कादंबरी उगवली आहे. घर ओहायोतले आहे, पण त्याला झपाटणारे सारे दक्षिणेतून आलेले आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात माजघराला लागून असलेली एक खोली दार काढून मातीने लिंपून टाकलेली आहे. पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. ऐंशी वर्षांच्या आत्याबाई विषय निघाला की उठून जातात आणि वडील म्हणतात, ‘जुनी मढी कशाला उकरून काढतोस?’ यावर कादंबरी लिहावी असे मनात आहे. कुठून सुरुवात करू?
— एक तरुण लेखक, निपाणी परिसर

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. सामग्री अस्सल आहे, म्हणूनच एक भीती सांगतो. दलदल, धुके आणि कुरकुरणारे जिने उसने आणू नका. तंबाखूच्या वखारीतला नाकात झोंबणारा खकाणा आणि पावसाळ्यात लिंपलेल्या भिंतीला फुटणारी ओल आपल्याला पुरेशी आहे. ढासळत्या वाड्याचे चित्र तर मराठीत महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने १९८५ मध्येच इतक्या ताकदीने उभे केले आहे की, नुसत्या पडझडीवर आता भागणार नाही.

त्या अमेरिकन कादंबऱ्यांकडून घ्यायचा तो प्रश्न घ्या : हे घर कोणाच्या कष्टावर उभे राहिले आणि त्यांची नावे घरच्या आठवणींतून कशी गळली? आपल्या भागात हा प्रश्न जमिनीपाशी जातो. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कुळाची जमीन सरकारजमा झाली आणि कसणाऱ्याने नमुना ७ भरून आपला हक्क मागायचा होता. कोणी अर्ज केला, कोणाला करू दिला नाही, कोणाचे नाव उताऱ्यावरून कसे गेले, हे पाहा. दुसरी वाट सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीकडे जाते. देवीला मुली सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याआधी ज्या घरांतून मुलगी सोडली गेली, आणि ज्या प्रतिष्ठित घरांतल्या पुरुषांची मुले तिच्या पदरी वाढली, त्या दोन्ही घरांत काय बोलले जात नसे? सटपेनची गोष्ट इथे परकी उरत नाही.

मोडीतले कागद जाणकाराकडून पूर्ण वाचून घ्या, हिशेबाचे कागदही वगळू नका. एखाद्या बाईच्या नावापुढे वर्षानुवर्षे पडणारी ज्वारीची नोंद पत्रापेक्षा अधिक बोलते. १९५६ नंतर आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढचे सरकारी कागद कानडीत आले असतील. एकाच घराची गोष्ट दोन लिप्यांत तुटली आहे, याचाही रचनेत उपयोग होईल. जिवंत माणसांना मात्र जपा. नावे बदलली तरी विहीर आणि चिंच पाहून गाव माणूस ओळखते, तेव्हा विहीर आणि चिंचही बदला.

खोली उघडायची की नाही, हे ठरवणे वडिलांचे आहे. कादंबरीसाठी ती लिंपताना मातीचे घमेले कोणी उचलून दिले, हे कळणे मला अधिक गरजेचे वाटते. आत्याबाई तेव्हा लहान असतील. त्यांना खोलीत काय आहे हे विचारू नका. त्या दिवशी त्यांना कुठे पाठवले होते, एवढेच विचारा.