मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हीचं ऑपरेशन एकदमच?

प्रश्न : आमचे आबा ६८ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही निघालेत. तीन प्रकारचे थेंब चालू आहेत तरी डोळ्याचं प्रेशर २६ च्या खाली येत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्हीचं ऑपरेशन एकदमच करू म्हटलंय, पण भावकीतले म्हणतात आधी मोतीबिंदू काढा, दिसायला लागलं की बाकीचं बघू. त्यात छाटणी तोंडावर आलीय. काय करावं?

उत्तर : भावकीतल्यांचं म्हणणं एरवी चुकीचं नाही. एखाद-दुसऱ्या थेंबावर प्रेशर आटोक्यात असेल तर आम्हीही बऱ्याचदा नुसता मोतीबिंदूच काढतो, त्यानंही प्रेशर थोडं उतरतं. पण आबांचं तसं नाही ना, डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ असतं आणि त्यांचं तीन थेंबांवर २६, शिवाय मोतीबिंदू काढल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत प्रेशर अचानक चढू शकतं, काचबिंदूनं आधीच सुकत चाललेल्या डोळ्याच्या नसेला ते झेपत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांचं मला पटतं.

फेकोनं, म्हणजे मोतीबिंदूच्या नेहमीच्या ऑपरेशननं, गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात आणि त्याच वेळी वरच्या पापणीखाली पांढऱ्या भागात, आतलं पाणी झिरपायला बारीक वाट करतात. त्याला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात, १९६८ पासून चालत आलेली पद्धत आहे. ती वाट बुजली की सगळं वाया, म्हणून तिथं मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. नंतर पापणीखाली छोटा फुगवटा दिसेल, घाबरू नका, पाणी तिथंच जमतं.

एक गोष्ट मात्र आबांना आधीच समजावून सांगा. मोतीबिंदूनं अडवलेली नजर परत येईल, काचबिंदूनं गेलेली येणार नाही. शेजारच्याला दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलं, मला का नाही, म्हणून माणसं खचतात हो, बघवत नाही ते. शेजाऱ्याला नुसता मोतीबिंदू होता. आबांना नीट दिसायला काही आठवडे लागतील.

छाटणी यंदा दुसऱ्यांकडून करून घ्या. महिना-दीड महिना वाकायचं नाही, ओझं नाही, फवारणी तर अजिबात नाही. या दिवसांत तपासणीला परत परत बोलवतात, टाका सैल करायचा असतो, कधी प्रेशर फारच उतरतं, म्हणून मिरजेची एकही फेरी चुकवू नका. रक्त पातळ व्हायची किंवा लघवीची, प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधीच सांगा, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बाहुली नीट मोठी होत नाही.

आणि पुढं कधीही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, तो डोळा लाल झाला, दुखला, चिकट पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवायचं, मेडिकलमधून थेंब आणून घालत बसायचं नाही.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात येतो, तेव्हा आबांना नेताय त्याच दिवशी तुमचंही प्रेशर आणि नस तपासून घ्या, भावाबहिणींनाही सांगा.